मागच्या रांगेतली अकरा मुलं

खिडकी काही केल्या उघडेना. गाण्याच्या बाई म्हणजे कुणी पोक्त, चष्मेवाल्या असतील असं वाटत असेल, तर तसं नव्हतं. एकोणतीस वर्षांची ती, स्टुलावर चढून, एका हाताने गज धरून दुसऱ्या हातातल्या डस्टरने कडीवर टोले हाणत होती. खाली चाळीस पोरं टाळ्यांचा ठेका धरून बसली होती, आणि कडी ढिम्म हलत नव्हती.

"बाई... जरा एक विनंती होती."

ती वळली तसं स्टूल डगमगलं. दारात एक उंच माणूस उभा होता. काखेत गुंडाळलेला नकाशा, केसांत खडूची भुकटी.

"भिंतीपलीकडे मी ज्वालामुखी शिकवतोय," तो म्हणाला. "लाव्हा बाहेर पडायच्या ऐन वेळी तुमची मुलं टाळ्या वाजवतात. आता माझीही वाजवायला लागली आहेत. उद्रेक अगदी टाळ्यांच्या गजरात चाललाय."

"मग चांगलंच आहे की! एवढा मोठा कार्यक्रम — टाळ्या नकोत?"

त्याने नकाशा पियानोवर ठेवला, तिला खाली उतरण्याची खूण केली, आणि कडी आधी खाली दाबून मग ओढली. खिडकी निमूटपणे उघडली. बाहेर बारीक पाऊस होता, त्याचा गार वारा आत आला.

"कसं जमलं?"

"तिचं जुनं दुखणं आहे. मी याच शाळेत शिकलो. याच खोलीत गाण्याचा तास..." तो मध्येच थांबला. "असो. येतो. ज्वालामुखी खोळंबलाय."

"थँक्यू, नकाशे सर."

तो दारात गर्रकन वळला. "काय म्हणालात?"

"नकाशे सर. सगळी मुलं तसंच..."

"ते माझं आडनाव नाही हो! काखेत कायम नकाशा असतो म्हणून पोरांनी ठेवलंय."

मागे चाळीस पोरांत खसखस पिकली. तिचे कान लाल झाले. तिसरा आठवडा होता तिचा या शाळेत, आणि आल्या आल्या हा पराक्रम! पण तो हसला. "राहू दे. तुमच्या तोंडून बरं वाटलं," असं म्हणाला, आपण हे काय बोलून बसलो म्हणून स्वतःच दचकला, आणि घाईघाईने निघताना नकाशा दाराच्या चौकटीत अडकवून घेतला.

तर अशी ओळख झाली.

पाच वर्षांतली ही तिची तिसरी शाळा. पहिल्या शाळेने गाण्याचा तास कॉम्प्युटरला दिला, दुसरीने तो तास ठेवला पण बाईच ठेवल्या नाहीत. या शाळेत गाण्याची खोली म्हणजे खेळाच्या सामानाची खोलीसुद्धा होती. पियानोच्या मागे उड्या मारायच्या गाद्या रचलेल्या, कपाटात हवा गेलेले फुटबॉल. पियानोच्या सहा पट्ट्या मुक्या होत्या. तास पस्तीस मिनिटांचा, त्यातली दहा मिनिटं मुलं आणण्यात आणि बसवण्यात जायची, आणि आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी दारातून डोकं आत घालायचंच: "बाई, आज तेवढा तुमचा तास द्याल? गणिताची चाचणी राहिलीये. तुमचं काय, गाणंच तर आहे."

गाणंच तर आहे! हे वाक्य ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण नव्या माणसाने भांडण कुणाशी करावं? ती तास द्यायची.

फोनवर आई रोज तेच म्हणायची. "अगं, कशाला त्या शाळांच्या मागे लागतेस? घरी क्लास काढ. दादाची पुढची खोली रिकामीच आहे, वहिनीही कधीची म्हणतेय."

"आई, क्लासला ज्यांना गाणं येतं तीच मुलं येतात. शाळेत सगळी येतात."

"येतात म्हणजे, कोंबून बसवतात."

"हो, पण येतात ना."

यावर आई सुस्कारा टाकायची आणि जेवलीस का विचारायची.

नकाशे सर मात्र तिचा तास कधी मागायचे नाहीत. उलट एकदा गणिताच्या सरांनी दारातून डोकं घातलं, तेव्हा हे मागून येऊन म्हणाले, "सर, माझा तास घ्या. नद्या काय, कुठे पळून जात नाहीत." तेव्हापासून स्टाफरूममध्ये तिच्या शेजारची खुर्ची रिकामी असली की तो तिथे बसायचा, आणि नसली की चहाचा कप हातात घेऊन उगाच खिडकीशी उभा राहायचा. हे सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. चित्रकलेच्या बाई तर त्याला बघितल्याबरोबर खुर्ची रिकामी करायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "चला बाई, मला वह्या तपासायच्यात."

तिच्या लक्षात मात्र एक वेगळीच गोष्ट आली. रोज सकाळी मैदानावर शाळेचं गीत व्हायचं. सगळे शिक्षक रांगेत उभे. एकदा ती त्याच्या अगदी शेजारी उभी होती. त्याचे ओठ हलत होते, शब्दन् शब्द बरोबर. पण आवाज नव्हता. आता कानावरच जिचं पोट, तिला हे कळणार नाही होय?

"सर, तुमचं गाणं कुणाला ऐकू येतं हो?" तिने वर जाताना जिन्यात विचारलं.

"मी... आतल्या आत गातो."

"मग आम्ही बाहेरच्यांनी काय करायचं?"

"ज्वालामुखीसुद्धा शेकडो वर्षं आतल्या आतच असतो, बाई," तो हसत म्हणाला. पण त्याचे डोळे हसले नाहीत, आणि ते तिला दिसलं.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, तिला बोलावलं तेव्हा पाऊस सरून थंडी पडायला लागली होती. बाई वाईट नव्हत्या. समोर वेळापत्रकाचा मोठा कागद होता आणि त्यावर खोडरबराचे कण.

"स्पष्टच सांगते," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी समितीला गाण्याची जागा काढायची आहे. मी अडवून धरलंय. दोन महिन्यांनी आंतरशालेय समूहगानाची स्पर्धा आहे. पहिल्या तीनात नंबर आणा, मग मला बोलायला तोंड राहील. नाही आला, तर माझे हात बांधलेले आहेत."

ती बाहेर आली. पुन्हा पेट्या बांधायच्या? पुन्हा नवी खोली, नवी स्टाफरूम, नवी मुलं? आणि... आणि खिडकीशी उभा राहणारा तो चहाचा कप? नाही. या खेपेला तिला जायचं नव्हतं. काहीही करून नंबर आणायचा, असं तिने तिथेच, व्हरांड्यात उभं राहून ठरवलं.

समूहगानासाठी तिच्याकडे छत्तीस मुलं होती. तिने तेच केलं जे तिच्या लहानपणी तिच्या स्वतःच्या बाई करायच्या. मुलांना गायला लावायचं, मान किंचित कलती करून रांगांमधून फिरायचं, एकेकाच्या तोंडाशी कान न्यायचा. ज्याचा सूर हुकतोय त्याच्या खांद्यावर मागून दोन बोटं टेकवायची. बस. त्याचा अर्थ आधीच सांगून ठेवलेला: ज्याच्या खांद्याला बोटं लागली त्याने आता गायचं नाही, चेहरा हसरा ठेवून नुसते ओठ हलवायचे. रागावणं नाही, नाव घेणं नाही, कुणाला हाकलणं नाही. याहून सौम्य पद्धत कुठे असते का? तिला तर ती मायेचीच वाटायची.

त्या दिवशी अकरा खांद्यांवर बोटं टेकली. अकरावी होती आठवीतली एक उंच मुलगी. तिचा आवाज इतका जाड की पोरं तिला भोंगा म्हणायची. बोटं लागली तशी तिने मान डोलावली आणि ती लगेच हसली, सांगितलं होतं तसं. बाकीच्यांचं गाणं एकदम स्वच्छ झालं. ऐकणाऱ्याला वाटावं, एकच गळा गातोय.

तिने समाधानाने वर पाहिलं. दारात नकाशे सर उभे होते, हातात चहाचे दोन कप. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी दोन्ही कप तसेच बाकावर ठेवले आणि काही न बोलता निघून गेले.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. चित्रकलेच्या बाई खुर्ची रिकामी करत राहिल्या, पण तो दुसरीकडे बसत राहिला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तीच त्याच्या वर्गात गेली. तो फळ्यावरची नदी पुसत होता.

"माझं काही चुकलंय का?"

"नाही."

"मग असे तोंड फिरवून का बसता?"

त्याने डस्टर ठेवलं. हात झटकले. मग पहिल्या बाकावर, मुलांच्या त्या एवढ्याशा बाकावर, गुडघे वर घेऊन बसला.

"मी नऊ वर्षांचा होतो," तो म्हणाला. "तुमच्याच खोलीत. तेव्हाच्या बाईंनीही अशीच दोन बोटं टेकवली होती. मला फार आवडायचं हो गाणं. घरी आईला सांगितलं होतं, मला कार्यक्रमात घेतलंय. ती कामावरून रजा काढून आली. सगळ्यांत पुढे बसली. आणि मी... ओठ हलवले. सगळं गाणं."

"मग?"

"घरी जाताना तिने माझा हात धरला आणि म्हणाली, 'एवढ्या मुलांत मला तुझाच आवाज ऐकू येत होता रे.'"

ती उभीच होती. बाहेर शिपाई वर्गांना कुलपं लावत येत होता, त्याचा आवाज जवळ जवळ येत होता.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"काय सांगणार? अजून येणाऱ्या जाणाऱ्याला सांगते ती, आमचा लहानपणी काय गायचा! पंचवीस वर्षं झाली. मी अंघोळ करतानासुद्धा गुणगुणत नाही. तुम्ही वाईट नाही आहात बाई. त्या बाईही नव्हत्या. पण परवा त्या मुलीने मान डोलावली ना... शहाण्यासारखी... ते मला बघवलं नाही."

त्या संध्याकाळी घरी तिने ताट तसंच झाकून ठेवलं. क्लासला ज्यांना गाणं येतं तीच येतात, शाळेत सगळी येतात, असं आईला तोंड वर करून सांगणारी ती, शाळेतच चाळणी घेऊन बसली होती. तिला स्वतःची लाज वाटली, अगदी मनापासून.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने त्या अकरांना बोलावलं. मुलं घाबरत घाबरतच आली. भोंगा सगळ्यांत आधी बोलली.

"बाई, मी अजिबात आवाज करत नाही हं. आता मी श्वाससुद्धा हळू घेते."

बाईंनी पटकन पियानोकडे तोंड फिरवलं आणि उगाचच झाकण पुसलं. मग म्हणाल्या, "आता श्वास मोठा घे. आणि गा."

"पण बाई, बेसूर होतं ना..."

"होऊ दे. माझे कान काय कापसाचे आहेत? गा."

ती गायली. वर चढताना आवाज फाटला, नेहमीसारखाच. बाईंनी पट्टीवर बोट ठेवलं, एक सूर खाली. पुन्हा. अजून एक खाली. तिसऱ्या खेपेला, तीन सूर खाली उतरल्यावर, त्या जाड आवाजाला एकदम पायाखाली जमीन मिळाली. ती मुलगी स्वतःच गाता गाता थांबली. "बाई, आत्ता काय झालं?"

काय झालं ते बाईंना कळलं, आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गाणं बाई नेहमी काळी चारपासून, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीपासून, सुरू करायच्या. लहानपणी तिला शिकवणाऱ्या बाईही तिथूनच करायच्या, कारण तो सूर त्यांच्या गळ्याला सोपा होता. मग तो तिच्या गळ्याला सोपा झाला. मुलांच्या गळ्याला कुठला सोपा पडतो, हे दोघींपैकी कुणी विचारलंच नव्हतं! पोरं बेसूर नव्हती, गाणंच त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. आणि बाई त्यांचे खांदे शोधत फिरत होत्या.

महिनाभर रोज मधली सुट्टी त्या खोलीत गेली. अकरापैकी आठ जण सुरात आले. नकाशे सर कपाटाशी गादीवर बसून वह्या तपासायचे, म्हणजे तसा बहाणा करायचे.

"तुम्हीही एकदा गाऊन बघा ना," ती एकदा म्हणाली.

"मला एवढ्या वह्या आहेत."

"ती वही तुम्ही मघापासून उलटी धरली आहे, सर."

पोरं खिदळली. त्याने वही सुलटी केली. गायला मात्र नाही.

पण तीन मुलं उरलीच. दोन मुलगे आणि एक बारकी मुलगी. त्यांना कुठलीही पट्टी द्या, त्यांचा सूर आपल्या वाटेने जायचा. ती जीव तोडून शिकवायची, मुलंही जीव तोडून गायची, कधी लागायचा, बरेचदा नाही. शिवाय गाणं खाली आणल्यामुळे पुढच्या रांगेतल्या बारीक गळ्यांची चमक कमी झाली. हेही खरंच होतं, आणि ते तिला ऐकू येत होतं.

स्पर्धेच्या चार दिवस आधी मोठ्या बाईंनी तालीम ऐकली. मुलं गेल्यावर म्हणाल्या, "मागची ती तिघं. मला गाण्यातलं कळत नाही, तरी कळलं. त्यांना गप्प ठेवा. बाई, तुम्हाला राहायचंय ना इथे?"

बाहेर अवेळी पाऊस लागला होता. फाटकाशी नकाशे सर छत्री घेऊन उभे होते. बसस्टॉपपर्यंत दोघं एकाच छत्रीतून निघाली. रस्त्यावरच्या दिव्यांखाली पाणी चमकत होतं.

"मोठ्या बाई बरोबर बोलताहेत," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"तीनच मुलं आहेत. एकच दिवस. सहा मिनिटं. सांगा त्यांना, ओठ हलवा म्हणून."

ती थांबली. "तुम्ही... तुम्ही सांगताय हे?"

"हो, मीच सांगतोय!" त्याचा आवाज चढला. "पंचवीस वर्षं मी त्या बाईंना मनातल्या मनात बोल लावत आलो. आणि आज त्यांच्याच जागी उभा राहून बोलतोय. लाज वाटते, पण बोलतोय. कारण तुम्ही गेलेलं... नको आहे."

"शाळेला?"

"शाळेचं शाळा बघेल." त्याने रस्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मला."

छत्रीवर पाऊस वाजत होता. तिला काय वाटलं म्हणून सांगू? तिला वाटलं, हो म्हणावं. आत्ताच्या आत्ता. याच शाळेत राहावं, याच रस्त्याने रोज याच्याबरोबर चालावं. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला त्या तीन मुलांचा रागच आला. तीन पोरांपायी आपण आपल्या ताटातलं असं लोटून द्यायचं?

"घरी जाताना त्या तिघांतल्या कुणाची तरी आई म्हणेल, मला तुझाच आवाज ऐकू येत होता," ती हळू म्हणाली. "मग त्या पोराने काय करायचं, सांगा."

त्याने छत्री तिच्या बाजूला आणखी कलती केली.

"मला तुम्ही आवडता," ती म्हणाली. "आत्ताच सांगून टाकते. नंतर सांगायला मी इथे नसेन."

बस आली. ती चढली. खिडकीतून तिला दिसलं, तो छत्री मिटून पावसात तसाच उभा होता.

स्पर्धेला नऊ शाळा होत्या. मोठा हॉल, लाल पडदा, पुढे तीन परीक्षक. त्यांची शाळा सहावी. बाकीच्या शाळांची मुलं निवडून आणलेली, बारा नाहीतर पंधरा. हिची छत्तीसच्या छत्तीस, स्टेजवर मावता मावेनात. शेवटी तिघं पायरीवर उभी राहिली.

पडद्याआड तिने एकदा सगळ्यांकडे पाहिलं. त्या बारक्या मुलीने विचारलं, "बाई, मी हळू गाऊ का?"

एकच शब्द बोलायचा होता. हो. नोकरी, ती शाळा, तो रस्ता, सगळं त्या एका शब्दात होतं. आणि विचारणारी ती पोरगी स्वतःच वाट करून देत होती.

"नाही," ती म्हणाली. "सगळ्यांसारखं गा."

छत्तीस मुलं गायली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात पायरीवरचा एक मुलगा जो सुरावरून घसरला तो शेवटपर्यंत वर आलाच नाही, आणि पुढच्या रांगेतल्या मुलीने त्याच्याकडे वळून असे डोळे वटारले की परीक्षकांनाही हसू आलं. पण मधला जाड सूर भोंग्याने धरून ठेवला होता, आणि त्या सुरावर आठ जण, मग वीस, मग सगळेच टेकून उभे होते. बाईंना छत्तीस तोंडं उघडी दिसत होती, आणि छत्तीस आवाज ऐकू येत होते. असं तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

नंबर आला नाही. पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा नाही. परीक्षक भाषणात म्हणाले, काही शाळांनी मुलं निवडताना जरा काटेकोरपणा दाखवायला हवा होता.

मोठ्या बाई बाहेर पायऱ्यांवर भेटल्या. त्या रागावल्या नाहीत, दमल्यासारख्या दिसल्या. "आता मी समितीला काय सांगू?"

"छत्तीस मुलं गायली, असं सांगा."

"त्याला कागदावर रकाना कुठे असतो हो, बाई?" त्या म्हणाल्या. मग तिच्या हातावर जरा वेळ हात ठेवून म्हणाल्या, "सोमवारी या ऑफिसात."

परतीच्या बसमध्ये मुलं चिडीचूप होती. हरलेल्या पोरांइतकं शांत काही नसतं. नकाशे सर पुढच्या सीटवर बसले होते, मुलांना सांभाळायला म्हणून आलेले. गाव मागे पडलं. मग मागून जाड आवाज आला. "बाई, नंबर नाही आला, तरी गायलं तर चालेल?"

"चालेल म्हणजे काय, गाच!"

भोंग्याने गाणं उचललं. दोन ओळी ती एकटीच, मग एकेक करत सगळी. बसच्या काचा थरथरायला लागल्या. आणि दुसऱ्या कडव्याला तिला एक आवाज ऐकू आला जो त्या छत्तिसांतला नव्हता. पुरुषी, खरखरीत, गंज चढलेला. पुढच्या सीटवरून येत होता. त्याची मान खाली होती, कान लालबुंद झाले होते, आणि तो गात होता. पोरांनी एकमेकांना कोपरं मारली. तिने मात्र श्वास रोखून ऐकलं. पंचवीस वर्षांनी घराबाहेर पडलेला तो आवाज, त्याला कुठे जायचं ते धड माहीत नव्हतं. पण तो थांबला नाही. शेवटच्या ओळीपर्यंत थांबला नाही.

गाणं संपलं तसा तो उठला, दांडे धरत धरत मागे आला आणि तिच्या शेजारी बसला.

"कसं होतं?"

"वाईट," ती म्हणाली. "फारच वाईट." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिने पुसलंही नाही.

"जरा खोटं बोलला असतात तर काय बिघडलं असतं?"

"गाण्याच्या बाबतीत मी खोटं बोलत नाही."

"आणि परवा पावसात बोललात ते?"

"तेही खरंच होतं."

मुलं आता दुसरं काहीतरी गायला लागली होती, अगदी मनाला येईल तसं.

"मी एका शाळेला पत्र घातलंय," तिने सांगितलं. "इथून चार तासांवर. लहान शाळा आहे. पियानोसुद्धा नाही म्हणे. पण गाण्याचा तास आहे, आणि तासाला सगळी मुलं येतात."

"जाणार?"

"जाणार. मला दुसरं काही येत नाही, आणि यायला नको आहे."

त्याने मान हलवली. सहाव्या वर्षी तो या शाळेत आला होता, आणि कॉलेजची चार वर्षं सोडली तर तिच्या आवाराबाहेर कधी राहिलाच नव्हता. घर तिथे, आई तिथे, सगळे रस्ते तिथले. तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला. मग त्याने घसा खाकरला.

"तिथे भूगोलाला कोण आहे?"

"काय?"

"नाही... चौकशी करून ठेवा. आईला मी समजावतो. ती येईल, तिला नवीन गावाची हौस आहे."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. "अहो, पण तुमची शाळा... एवढी वर्षं..."

"भूगोल काय, सगळीकडेच असतो," तो म्हणाला. "तुम्ही सगळीकडे नसता."

तिने त्याचा हात हातात घेतला, छत्तीस पोरांच्या देखत, आणि शाळेचं फाटक येईपर्यंत सोडला नाही.